सामन्याआधीचा सत्कार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शिक्षण संस्थेचे चेअरमन आदरणीय बाळासो सरनोबत साहेब, प्रमुख पाहुणे म्हणून अगत्यानं आलेले माननीय विजयसिंहदादा रणनवरे, व्यासपीठावरचे सर्व संचालक, मुख्याध्यापक सर, माझे शिक्षक आणि शिक्षकेतर सहकारी, तीन वाजल्यापासून खुर्च्यांवर बसून असलेले पालक, आणि एका खुर्चीवर दोघी-दोघी बसून खिदळणाऱ्या माझ्या मुलींनो, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

मी पद्मावती मगदूम. खरं तर सांगायची गरज नव्हती. पण माझ्या निरोपाच्या फ्लेक्सवर संचालक मंडळाचे अकरा फोटो मोठे आलेत आणि माझं नाव खाली बारीक अक्षरात आलंय, मागच्या रांगेला दिसत नसणार, म्हणून सांगितलं. एकतीस वर्षं मी या संस्थेत शिट्टी वाजवली. या महिनाअखेरीस ती खाली ठेवते. आणि संस्थेनं काटकसरीनं एकाच मांडवात दोन कार्यं उरकायची ठरवली, माझा निरोप आणि आमच्या निशिगंधाचा सत्कार.

निशिगंधा म्हणजे ही, माझ्या उजव्या हाताला स्वागताचा हार घालून एवढ्या मोठ्या फेट्याखाली बसलीय ती. निशिगंधा पिराजी निकम. गाव कोडोली. आपल्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे, आठवीपासून माझ्याकडं आहे. गेल्या महिन्यात आपल्या कोल्हापुरात जो आंतरजिल्हा क्रीडा महोत्सव झाला, त्यात स्क्वॉशच्या महिला एकेरीत तिला रौप्यपदक मिळालं. तिचा फ्लेक्सही मागं लावलाय. तो त्याच वेळचा आहे. 'सुवर्णकन्या' असं छापलं होतं, आता 'सुवर्ण'वर कागद चिकटवून 'रौप्य' लिहिलंय. पंख्याचं वारं आलं की कागद उचलतो. ज्यांनी डिंकात काटकसर केली त्यांनाही माझा नमस्कार.

निरोपाच्या भाषणात गोड बोलावं अशी आपल्याकडं रीत आहे. मीही चार पानं लिहून आणली होती. संस्थेचा वटवृक्ष, त्याची सावली, सगळं होतं त्यात. मुख्याध्यापक सरांनी वाचून 'छान' म्हटलं. ती पानं या पर्समध्ये आहेत आणि तिथंच राहणार आहेत. कारण अर्ध्या तासापूर्वी अध्यक्षसाहेबांनी याच माइकवरून एक घोषणा केली. उद्या सकाळी दहा वाजता मंगळवार पेठेतून निशिगंधाची उघड्या जीपमधून मिरवणूक. हलगी, लेझीम, फटाके. तुम्ही टाळ्या वाजवल्या. सवयीनं मीही वाजवल्या. मग माझे हात थांबले. उद्या सकाळी आठ वाजता पुण्याला निशिगंधाची निवड चाचणी आहे.

मी उठून साहेबांच्या कानाशी गेले, तुम्ही सगळ्यांनी बघितलंत. मी काय म्हणाले आणि ते काय म्हणाले हे मात्र तुम्हाला ऐकू आलं नसेल. मी म्हणाले, साहेब, उद्या चाचणी आहे. साहेब म्हणाले, "आवो बाई, चाचणी काय, फुडच्या आठवड्यात घ्यायला लावतो. मी फोन करतो."

मंडळी, 'मी फोन करतो' हे तीन शब्द ऐकले की मला आता कापरं भरतं. का, ते सांगते. सांगितल्याशिवाय मी या स्टेजवरून उतरणार नाही.

आधी खेळ सांगते, कारण निम्म्या सभेला तो ठाऊक नाही. आणि स्क्वॉश म्हटल्यावर सरबताचा विनोद आज कुणी करू नये, मी तो वीस वर्षं ऐकलाय. चार भिंतींची एक खोली. आत दोघी. मधे जाळी नाही. समोरच्या भिंतीवर आळीपाळीनं चेंडू मारायचा. भिंतीच्या तळाला एक पत्रा असतो, त्यावर चेंडू लागला की खणकन वाजतो आणि पॉइंट जातो. अकरा पॉइंटांचा एक गेम, पाचातले तीन जिंकायचे. चेंडू लिंबाएवढा, काळा, रबरी. तो गार असला तर उसळत नाही, शेणाच्या गोळ्यागत पडतो. मारून मारून तापवावा लागतो. आणि खेळणारीचं अंगही तसंच तापवावं लागतं. एवढं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आपल्या संस्थेत स्क्वॉशचं कोर्ट आहे, हे किती जणांना माहीत आहे? बघा, चार हात. जुन्या इमारतीच्या मागं मांडवाच्या खुर्च्या ठेवायची खोली आहे ना, तेच कोर्ट. कुणा हौशी मुख्याध्यापकांनी कधीकाळी बांधून घेतलं, त्यांच्यानंतर त्यात खुर्च्या शिरल्या. त्या बाहेर निघतात फक्त समारंभाला. म्हणजे कुणाचा तरी सत्कार असला की कोर्ट मोकळं, आणि कोर्ट मोकळं झालं की आमचा सराव. वाढदिवस, पुण्यतिथी, नवे संचालक, जुने संचालक. इकडं तुम्ही टाळ्या वाजवत होता आणि मागं आम्ही चेंडू तापवत होतो. निशिगंधा खेळ शिकली ती अशी, दुसऱ्यांच्या सत्कारांवर. ही पोर खो-खोच्या संघात होती. एकदा खुर्च्या उचलायला आत गेली आणि तिथं पडलेला चेंडू भिंतीवर मारून बघितला. तासाभरानं मी हाक मारली तेव्हा म्हणाली, "बाई, ह्यो परत येतोय, म्हंजे मला एकटीला खेळता येतंय." त्या दिवसापासून कार्यक्रमपत्रिका हातात पडली की ती आधी विचारायची, भाषणं किती आहेत. जितकी भाषणं जास्त, तितकी तिला मजा.

तर महोत्सव. बावीस जिल्हे, चौदा खेळ. कुस्तीला मुंगी शिरायला जागा नव्हती, फुटबॉलला तर काय बोलायलाच नको. स्क्वॉशला पहिल्या दिवशी प्रेक्षक नऊ, त्यातले चार पंच. सोळा मुलींमध्ये निशिगंधा कुणाच्या हिशोबातच नव्हती. पहिला सामना तिनं सरळ तीन गेममध्ये मारला. दुसराही तसाच. उपांत्य सामन्यात मात्र पहिले दोन गेम गेले आणि तिसऱ्यात आठ-दहा अशी मागं. एक पॉइंट गेला की घरी. मी डोळे मिटून घेतले होते, खोटं कशाला सांगू. तिनं तो गेम बारा-दहा घेतला, पुढचा अकरा-सात, आणि शेवटचा अकरा-नऊ. बाहेर आली तेव्हा तिच्या गुडघ्यातनं रक्त येत होतं आणि ती हसत होती. एकतीस वर्षांत मी एवढी कधी नाचले नव्हते.

आणि मग कोल्हापूरला स्क्वॉश सापडला. त्या संध्याकाळी मला छप्पन्न फोन आले. फ्लेक्स छापून तयार झाला. 'जगात भारी' वगैरे. सुवर्णकन्या! अंतिम सामना दुसऱ्या दिवशी, साडेअकराला. बाजारात तुरी, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता अध्यक्षसाहेब स्वतः कोर्टावर आले. आनंदानं आले, हे मी मान्य करते. म्हणाले, "बाई, दादा दुपारी विमानानं जाणार हायत. त्यांच्या हस्ते पोरगीचा सत्कार आत्ताच उरकून घेऊ." मी म्हटलं, साहेब, ती अजून जिंकलेली नाही. तर म्हणाले, "जिंकणारच की! आपली पोरगी हाय." मी म्हटलं, साडेअकराला सामना आहे. पुकारा झाल्यावर पंधरा मिनिटांत खेळाडू कोर्टावर नसेल तर सामना समोरच्याला देतात. तर हसले. "महोत्सव आपल्या गावात, मांडव आपला, पंच काय पळून जातंय व्हय? मी फोन करतो त्यास्नी. धा मिनटांचं काम."

मग निशिगंधा मुख्य मांडवात गेली आणि दहाला स्टेजवर बसली.

(ही चिठ्ठी काय? 'कृपया वेळेचे भान ठेवावे.' अरे वा. तीनचा कार्यक्रम पाच वाजून दहा मिनिटांनी सुरू झाला, तेव्हा ही चिठ्ठी कुणाच्या खिशात होती हो? ठेवते, भान ठेवते. आजच्या दिवसात वेळेचं सगळ्यात जास्त भान इथं मलाच आहे.)

दादा आले अकरा वाजून वीस मिनिटांनी. दादा, तुम्हाला बोल लावत नाही. तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं की या मुलीचा सामना आहे. आज चहा घेताना तुम्ही मला किती सहज विचारलंत, "कशी काय हरली हो ती?" दादा, ती हरली नाही. ती खेळलीच नाही.

दादा आले, मग दीप आला, नारळ आला, स्वागतगीत आलं. मग सत्कार. आधी देणगीदार, मग माजी खेळाडू, मग मांडववाले, मग माइकवाले. आणि निशिगंधा? मुख्य सत्कार नेहमी शेवटी. आपली पद्धतच आहे ती. जेवणात श्रीखंड शेवटी वाढावं तसं. ती पोर तिथं पावणेदोन तास बसली. तीनदा उठायला गेली. उठली की शेजारचं कोणीतरी हात धरून खाली बसवायचं, "आगं, तुझाच सत्कार हाय की, तू कुठं चाललीस?"

इकडं मी कोर्टावर. साडेअकराला पुकारा झाला. निशिगंधा निकम, कोल्हापूर. मी तिला फोन लावला तर तो माझ्याच हातातल्या तिच्या बॅगेत वाजला. साहेबांना लावला, एकदा, दोनदा, सहा वेळा. स्टेजवर फोन मुका करून ठेवतात. मी पंचांकडं गेले, म्हटलं, सरनोबत साहेबांनी तुम्हाला फोन केला असेल. ते म्हणाले, "कोण सरनोबत? मला कुणाचा फोन नाही." साहेब, आज सगळ्यांसमोर विचारते, तुम्ही त्या दिवशी फोन केलाच नव्हता ना? मान हलवू नका, राहू दे. गडबडीत राहून गेला असेल. गर्दीत एवढं सगळं बघायचं म्हणजे एखादी गोष्ट राहते. फक्त ती एखादी गोष्ट त्या पोरीचं सगळं होतं.

समोरची खेळाडू नाशिकची, आदिती तिचं नाव. कोर्टाची मागची भिंत काचेची होती, मला आतलं दिसत होतं. आदिती एकटीच भिंतीवर चेंडू मारत होती. मला वाटलं, हिला काय, आयतं सोनं मिळतंय. दरवाजा उघडून ती बाहेर डोकावली आणि म्हणाली, "मॅडम, मी चेंडू तापता ठेवते. ती आली की लगेच सुरू करू." आमची माणसं आमच्या पोरीला तिकडं थंड करत होती आणि ही परक्या गावची पोर तिच्यासाठी चेंडू तापवत होती.

अकरा पंचेचाळीसला पंचांनी घड्याळ बघितलं. आदिती म्हणाली, मला थांबायचं आहे. पंच म्हणाले, तुझ्या इच्छेवर नियम चालत नाही. आणि कागदावर सही केली. पंचांनाही माझा बोल नाही. दिवसभरात सगळ्या गावात वेळ पाळणारा तेवढा एकच माणूस होता, त्याला काय बोलू?

निशिगंधा आली अकरा एक्कावन्नला. तिचं नाव पुकारल्यावर शाल घेतली, फेटा बांधून घेतला, फोटोला उभी राहिली आणि स्टेजवरून खाली उतरल्या उतरल्या पळत सुटली. सगळं मैदान ओलांडून. वाटेत लोक अडवत होते, सेल्फी काढत होते. कौतुकानं हो, दुष्टाव्यानं नव्हे. गळ्यात हार, डोक्यावर फेटा, पायात कोर्टाचे बूट. काचेपाशी येऊन उभी राहिली. मी सांगितलं, सामना दिला त्यांना. तिला कळलंच नाही. धापा टाकत मला विचारते, "बाई, स्कोर किती झाला?"

मुलींनो, आता हसू नका. मला तो प्रश्न अजून झोपू देत नाही.

साहेब खुणेनं 'बसा' म्हणतायत. बसते साहेब, आता काय, पेन्शनवर बसायचंच आहे. पण आतापर्यंत मी तुम्हाला जे सांगितलं त्यात एक लबाडी आहे, ती दुरुस्त करून बसते. मी मघाशी काय म्हणाले? 'निशिगंधा मांडवात गेली.' ती गेली नव्हती. ती जायला तयारच नव्हती. मी पाठवली.

साहेब 'धा मिनटांचं काम' म्हणून निघून गेले तेव्हा निशिगंधा माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, मी जात न्हाय. अंग गार पडंल." एवढी सरळ गोष्ट. मी तिला पाच वर्षं हेच तर शिकवलं होतं. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "जा गं. एवढी मोठी माणसं बोलवतायत. नाही म्हटलं तर वाईट दिसतं."

वाईट दिसतं! आपल्याकडं ताटातलं टाकता येत नाही आणि गळ्यात पडणारा हार नाकारता येत नाही. आणि माझ्या मनात दुसरंही होतं, तेही सांगते. साहेबांनी मार्चमध्ये मला शब्द दिला होता, खुर्च्यांना पत्र्याची शेड बांधतो आणि कोर्ट कायमचं मोकळं करून देतो. म्हटलं, आता यांना नाराज केलं तर शेड गेली. म्हणून मी माझ्या पोरीला स्टेजवर पाठवलं. शेड तर अजूनही झालेली नाही, ते सोडा. पण मला राग येतो तो साहेबांचा निम्मा आणि माझा सगळा. मी फूटभर अंतरावरून तिच्या तोंडाकडं बघत होते आणि तरीही जा म्हणाले.

पिराजीराव समोर बसलेत, तिसऱ्या रांगेत. निशिगंधाचे वडील. पहाटे कोडोलीतनं दुधाचा टेम्पो घेऊन शहरात येतात, त्यातच ही पोर पाच वर्षं सरावाला आली. त्या दिवशी ते मांडवात होते. दुसऱ्या दिवशी माझ्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, ती उठताना माझ्याकडं बघत हुती. मीच डोळ्यानं बस म्हणालो. आमच्या घरात कुणाच्या गळ्यात कधी हार पडला न्हवता." असं म्हणाले आणि चहा न घेता गेले. पिराजीराव, न विचारता सभेत सांगितलं, रागावू नका. आपण दोघं एकाच चुकीचे भागीदार आहोत.

आणि आणखी एक सांगते, तेही न विचारता. महिला एकेरीतून राज्याच्या संघात एकच जागा आहे. जी संघात जाईल तिला पुण्यात राहून, शिकून खेळता येईल. जी जाणार नाही, ती परत आपल्या खुर्च्यांच्या खोलीत. तेही किती दिवस? निशिगंधाला उचगावचं स्थळ आलंय. मुलगा चांगला आहे, घर चांगलं आहे, मी वाईट बोलणार नाही. पण पिराजीरावांनी तिला शब्द दिलाय, संघात गेलीस तर दोन वर्षं लग्नाचं नाव काढत नाही. नाही गेलीस तर दिवाळीनंतर बघण्याचा कार्यक्रम. म्हणजे ज्याला साहेब 'चाचणी काय' म्हणतात, ती एवढी आहे.

ही चाचणी तरी कुठून आली? मी अर्ज केला होता, त्याला उत्तरही आलं नाही. आपल्या संस्थेनं पत्र द्यावं म्हणून मी तीनदा ऑफिसात गेले. झालेल्या उशिराला समारंभ कारण होता, मुलगी नव्हे, एवढं दोन ओळींचं पत्र. मला सांगितलं, 'असं लिहून दिलं तर संस्थेचं नाव खराब होईल.' चाचणी मिळाली ती आदितीमुळं. तिनं निवड समितीला लिहिलं, मी न खेळता जिंकले आहे, मला माझी जागा खेळून पाहिजे. अहो, एकोणीस वर्षांची पोर! मग समितीनं ठरवलं, दोघींचा एक सामना. उद्या सकाळी आठ वाजता, पुण्यात. जी येणार नाही तिचा दावा संपला. साहेब, त्या पत्रात तारीख बदलायला जागा ठेवलेली नाही, आणि ठेवली असती तरी मी तुम्हाला फोन करू दिला नसता.

आता सहाला पाच कमी आहेत. कार्यक्रमपत्रिका माझ्यासमोर आहे. यात अजून सात मनोगतं आहेत. मग माझ्या निरोपाची शाल, मग सत्कार, मुख्य सत्कार शेवटी, मग अध्यक्षीय भाषण, आभार आणि अल्पोपाहार. निशिगंधा इथून आठच्या आत सुटत नाही. मग पाच तास रस्ता, मग पहाटे उठून चेंडू मारायला उभं राहायचं. आणि उद्या दहाला तर तुम्ही तिला जीपमध्ये उभी करणार. तेव्हा मी आणि निशिगंधा आता निघतोय. मला ठाऊक आहे, अध्यक्षांच्या भाषणाआधी उठून जाणं वाईट दिसतं. दिसू दे. मुलींनो, वाईट दिसलेलं धुऊन काढता येतं, तुम्ही घाबरू नका.

पिराजीराव, तुम्ही उठलात? काय म्हणताय? "गाडी फाटकाला लावतो." बघा. जा, लावा. शेजाऱ्याची जीप मागून आणलीय त्यांनी, तीन वाजल्यापासून बाहेर उन्हात उभी आहे.

मिरवणूक काढू नका असं मी म्हणत नाही. काढा की. हलगीवाल्यांना सांगून ठेवा, परवाची तयारी ठेवा. ती जिंकून आली तर काढाच. हरून आली तरीही काढा, कारण तेव्हा ती खेळून हरलेली असेल. फक्त आधी काढू नका.

आता आभार. साहेब, तुम्ही मला एकतीस वर्षांपूर्वी नोकरीच्या मुलाखतीत विचारलं होतं, बाईमाणूस मैदान सांभाळेल का. तरीही नोकरी दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. दादा, तुमची विमानं वेळेवर सुटोत. मांडव घालणारे, खुर्च्या वाहणारे, सकाळपासून चुलीपाशी असलेल्या आमच्या धोंडुबाई आणि त्यांच्याबरोबरच्या सगळ्याजणी, तुमचे उपकार. माझ्या शालीचं आणि श्रीफळाचं जे काही असेल ते ऑफिसात ठेवा, सोमवारी येऊन नेते. माझ्या मुलींनो, दोरीउड्या बंद करू नका, नवी बाई कुणीही येऊ दे.

भाषणाच्या शेवटी सभेची क्षमा मागायची रीत आहे. बोलण्याच्या भरात कुणाला काही लागलं असेल तर, साहेब, तुम्ही ते मोठ्या मनानं पोटात घालाल, एकतीस वर्षं घालत आलायच. पण मला खरी क्षमा मागायची आहे ती तुम्हा कुणाची नाही. निशिगंधा, खाली नको, माझ्याकडं बघ. त्या दिवशी तू नको म्हणालीस, तुझं बरोबर होतं. मी जा म्हणाले, माझं चुकलं. गेले पंचवीस दिवस आपण रोज सरावाला भेटतो आणि हे एवढं वाक्य माझ्या तोंडातून बाहेर पडलं नाही. तूही कधी विचारलं नाहीस. म्हणून आज चारशे माणसांसमोर सांगते. मला माफ कर, बाळ.

आता हार काढ. फेटा टेबलावर ठेव. साहेबांना नमस्कार कर आणि चल, बॅग मी घेते.